दौलतभाऊंची दुर्बीण

भाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चंद्रपूरला दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवी होते. तोंड उघडं, गालात कापूस कोंबलेला, अर्धा जबडा बधिर. भाच्यानं आधी घरी फोन केला, तिथून दवाखान्यात केला, आणि कंपाउंडरनं दारातूनच, पुढच्या पेशंटचं नाव पुकारावं तसं, 'तुमचे कोणी दौलतराव वारले म्हणतात,' असं सांगून टाकलं. रडायचं तर तोंड मिटता येईना, बोलायचं तर जीभ जागेवर नाही. मी नुसतंच 'आँ आँ' केलं. डॉक्टरला वाटलं दुखतंय. त्यानं आणखी एक इंजेक्शन टोचलं. आणि खरं सांगते, मला त्या खुर्चीतच पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हे भाऊजींना सांगायला हवं... हसून हसून त्यांना ठसका लागला असता. काही गमतीचं घडलं की ते त्यांच्यासाठी राखून ठेवायचं, ही माझी आयुष्यभराची सवय. आता राखून ठेवायचं तर कुणासाठी, ते कळत नाही.

याला महिना होऊन गेला. गोंडपिपरीच्या घरी भेटायला येणारे सगळे डोळे पुसत यायचे आणि शेवटी हटकून दुर्बिणीवर येऊन हसायला लागायचे. नव्या पोरांनी ती गोष्ट इतकी वाढवली आहे की तिच्यात आता एक वाघही शिरला आहे. वाघ नव्हता. मी तिथे होते. म्हणून खरं काय घडलं ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे निदान वाघ तरी बाहेर निघेल.

दौलतराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, इंदूबाईचे यजमान. तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराकडे ते दिवाणजी होते. जंगलातल्या गावोगावी पानं गोळा व्हायची, त्या सगळ्या ठिकाणी यांना फिरावं लागे. गडचिरोली तेव्हा चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातच होती आणि रस्ते बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांपेक्षा वेगळे नव्हते. भाऊजींनी कामठीच्या लिलावातून लढाईतली एक फटफटी आणली होती. रंग शेवाळी, आवाज असा की पलीकडच्या गावातली कुत्री आधी भुंकायची आणि मग भाऊजी यायचे. या फटफटीच्या जोरावरच त्यांचं लग्न जमलं. आमचं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, चामोर्शीच्या वाटेवर. धानाची शेती, गावाला लागून तळं. बोलणी करायला भाऊजी स्वतःच आले होते. बाबांनी त्यांना एवढंच विचारलं, "नदीच्या पल्याड पोरगी देऊन राह्यलो. मले दिसन कवा ते?" भाऊजी म्हणाले, "महिन्याले एकडाव आनून दाखवीन, बाबाजी. फटफटी हाये ना." बाबांनी पत्रिका न बघता होकार दिला. जावयापेक्षा त्यांनी फटफटी पसंत केली असं इंदूबाई पुढे म्हणायची.

पहिल्याच महिन्यात दोघं निघाली. त्या गाडीच्या पुढच्या चाकाला दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एक जाडजूड स्प्रिंग होती. खड्डा आला की ती स्प्रिंग दबायची आणि दबलेला राग पुढच्याच क्षणी बाहेर काढायची. नदी ओलांडल्यावर जंगलाच्या रस्त्यात एक मोठी चाकोरी आली, गाडी उडाली, आणि इंदूबाई जी वर गेली ती परत गादीवर आलीच नाही. ती पडली रस्त्याकडेच्या गवतात. भाऊजी पुढे निघून गेले. बरं, गप्प नाही गेले. वाटभर ते तिला त्या स्प्रिंगचीच थोरवी समजावून सांगत होते आणि बायको मधे काही बोलत नाही म्हणजे मन लावून ऐकते आहे अशा समजुतीत होते. आमच्या दारात त्यांनी गाडी थांबवली, मागे न बघताच म्हणाले, "उतर, आलं तुहं माहेर." बाबा ओसरीतून उठून आले. त्यांनी जावयाकडे पाहिलं, जावयाच्या मागे पाहिलं आणि विचारलं, "जवाई, पोरगी कुठी हाये?"

पोरगी दिवस कलल्यावर आली. चामोर्शीच्या बाजारातून मासे विकून परतणाऱ्या बायकांबरोबर, हसत-बोलत, पायी. त्यांनी उरलेले मासेही तिला पदरात बांधून दिले होते. हाडबीड मोडलं नव्हतं. पण परत जाताना ती फटफटीकडे बघायलाच तयार नव्हती. "मी छकड्यानं येईन," एवढंच म्हणाली. तेव्हापासून छकडा. मधे एक मुक्काम, नदीवर खोळंबा, बैल मोकळे मिळायची वाट... महिन्याचे दोन महिने झाले, मग दिवाळीची गोष्ट झाली. भाऊजी फटफटीवर एकटेच सासरी जाऊन बाबांना भेटून यायचे. बाबा त्यांना चहा द्यायचे, बाकी काही म्हणायचे नाहीत. आणि त्याच काळात बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. नागपूरला जाऊन डोळ्याला हत्यार लावून घ्यायला ते तयार नव्हते. हळूहळू त्यांना माणूस आवाजावरून ओळखू यायला लागला. शब्द देऊन बसलेल्या भाऊजींच्या जिवाला हे किती लागत होतं, ते मी रोज बघत होते, कारण मी तेव्हा गोंडपिपरीच्या शाळेत मास्तरीण होते आणि राहायला त्यांच्याकडेच होते.

भाऊजींनी आपल्या मनाशी निदान केलं होतं: दोष स्प्रिंगचा आहे. स्प्रिंग गेली की बायको बसेल. ते एका उस्तादाला घेऊन आले. हा उस्ताद माजरीच्या कोळसा खाणीत फिटर होता आणि आपण नसलो तर खाणीत अंधार पडेल असं त्याचं मत होतं. त्याच्याकडे कुठल्याशा साहेबाच्या नव्या मोटरसायकलचा पुढचा भाग होता. ती गाडी कोळशाच्या ट्रकनं मागून चेपली होती, पण पुढचं जसंच्या तसं शाबूत होतं. स्प्रिंगच्या पट्ट्यांऐवजी तिला दोन्ही बाजूंनी चकचकीत नळ्या. नळीच्या आत नळी, आतच स्प्रिंग, आत तेल. खड्डा आला की एक नळी दुसरीत सरकायची आणि सावकाश बाहेर यायची. ते जुन्या फटफटीच्या मानेत बसेना म्हणून उस्ताद माप घेऊन गेला आणि खाणीच्या लेथवर एक बुश, म्हणजे मधे बसवायचं लोखंडी कडं, कातून घेऊन आला. अंगणात आठवडाभर गाडी मुंडकं काढून ठेवल्यासारखी पडली होती. येणारा-जाणारा थांबून सल्ला देत होता. इंदूबाई सगळ्यांना चहा करत होती आणि एका शब्दानं विचारत नव्हती की हे काय चाललं आहे.

शेवटी ते बसलं. उस्तादानं ऐटीत हँडल दाबून दाखवलं, नळ्या खाली गेल्या, वर आल्या, आणि तो जमलेल्या लोकांना म्हणाला, "टेलिस्कोपिक है, टेलिस्कोपिक!" लोकांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी मॅट्रिक झालेले. त्यांनी छाती पुढे काढून त्याचं मराठी केलं, "म्हंजे दुर्बीन." यात माझा काही हात नाही, हे इथेच सांगून ठेवते. मी शाळेत होते. असते तर 'दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी' असं नीट सांगितलं असतं. पण शब्द एकदा अंगणाबाहेर पडला की पडला. त्यात भर म्हणजे नव्या नळ्या उंच असल्यामुळे फटफटीचं नाक वर झालं होतं, आणि संध्याकाळी दिवा लावला की उजेड रस्त्यावर न पडता झाडांच्या शेंड्यांवर पडायचा. बघणाऱ्यांची खातरीच पटली की दौलतभाऊ काहीतरी लांबचं बघतात.

मग लोक यायला लागले. एकाचा बैल चार दिवसांपासून जंगलात हरवला होता. तो म्हणाला, "भाऊ, एकडाव लावून तं पाहा." एक बाई सासूबद्दल विचारायला आली, सासू लेकीकडे गेली होती आणि परत निघाली का, एवढंच तिला हवं होतं, म्हणजे तोवर घर आवरून ठेवता आलं असतं. भाऊजी पहिले काही दिवस प्रत्येकाला बसवून समजावून सांगायचे, की बापा, यानं पाहाचं नसते, हे खड्ड्यासाठी हाये. लोक मान हलवायचे आणि जाता जाता म्हणायचे, "सांगाचं नसन तं नोका सांगू." नंतर भाऊजी चिडायला लागले. बैलवाल्याला तर ते म्हणाले, "अबे, यातून बैल दिसला असता तं माही बायको मले खड्ड्यातच दिसली नसती का?" हे इंदूबाईनं आतून ऐकलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली, पण गाडीवर काही बसली नाही.

आणखी एक भानगड भाऊजींनी स्वतःच्या डोक्यानं केली. उस्ताद सांगून गेला होता की नळ्यांत पातळ तेल घालायचं, मशीनचं. ते गोंडपिपरीत मिळेना. भाऊजींनी मोहाच्या बियांचं, म्हणजे आमच्याकडच्या टोरीचं तेल ओतलं. "आपल्या जंगलात चालवाची, तं आपल्या जंगलाचं तेल," असा त्यांचा युक्तिवाद. दुपारी सगळं छान होतं. फक्त गाडी बाजारात उभी केली की कुत्री येऊन नळ्या चाटायची. पण टोरीचं तेल आमच्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. थंडी पडली की ते डब्यात तुपासारखं थिजून बसतं. ते माहीत नसलेला जिल्ह्यात एकच माणूस होता आणि तो आमच्या घरी होता. हिवाळा लागला आणि पहाटे त्या नळ्या अशा आखडायच्या की त्यापेक्षा जुनी स्प्रिंग परवडली. ऊन तापलं की गाडी पुन्हा नरम. भाऊजी शेजाऱ्यांना सांगायचे, "गाडीले थंडी वाजून राह्यली." रात्री तिला गोधडी पांघरायचे. इंदूबाईला ते तेलाचं विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर ती हसेल, आणि हसली तर गाडीवर बसायची उरलीसुरली आशाही जाईल असं त्यांना वाटत होतं.

एका बाजारच्या दिवशी आमच्या गावचा मासे धरणारा सोमा गोंडपिपरीला आला. तो बाबांचा निरोप घेऊन आला होता. ओसरीत उकिडवा बसला, पाणी प्याला आणि पाठ केल्यासारखा बोलला, "बाबाजीनं सांगतलं, जवायाच्या गाडीले दुर्बीन लागली मनते. बेस झालं. माहे डोये आता जाऊन राह्यले. आंधार व्हायच्या आंदी पोरीले एकडाव पाहून घेतो मनते. पोरीले यायले जमत नसन तं तिले नोका तरास देऊ... दुर्बीनच पाठवून द्या मनते. मी इथूनच पाहीन."

मी हसायला म्हणून तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. भाऊजी खाली बघत होते. इंदूबाई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. सोमा बिचारा एकेकाच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मंग देता का? बांधून द्या, मी डोक्यावर घेऊन जातो." इंदूबाईनं सूप खाली ठेवलं. "सांग बाबाले," ती म्हणाली, "उद्या घेऊन येतो." आणि भाऊजींकडे वळून, "सकायीच निंगू. बाबा दुपारी झोपते."

सकाळीच! भाऊजींची रात्र कशी गेली असेल देव जाणे. पहाटे मी अंगणात आले तर ते गाडीजवळ उभे, हँडलवर सगळा भार टाकून दाबताहेत आणि नळ्या तसूभरही हलत नाहीत. इंदूबाई नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. "काय झालं?" "ऊन येऊ दे जराक," भाऊजी पुटपुटले. "काऊन?" मग त्यांना सांगावंच लागलं. टोरीचं तेल, असं ऐकल्यावर तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "मले काऊन नाई विचारलं?" आत गेली, चुलीतले निखारे घमेल्यात घेतले, फडकं घेतलं आणि गाडीच्या पुढ्यात बसली. फडकं निखाऱ्यावर गरम करायचं आणि नळीला धरायचं, गरम करायचं आणि धरायचं. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला शेक देतात, अगदी तसा तिनं त्या फटफटीला शेक दिला. भाऊजी दुसऱ्या बाजूला बसून दुसरी नळी शेकत होते. आणि मग नळीकडे बघतच तिनं ते सांगितलं, जे तिनं इतके दिवस सांगितलं नव्हतं.

"मी पडली त्याचं मले काईच नाई वाटलं. पडते मानूस. मी मागं नाई, हे तुमाले घरापावतर समजलंच नाई... त्याचं वाटलं."

भाऊजींच्या हातातलं फडकं करपायला लागलं. माणसानं बायकोच्या रुसव्यासाठी गाडीचं मुंडकं बदलावं, माजरीहून उस्ताद आणावा, आणि दुखणं गाडीत नव्हतंच हे निखाऱ्यापाशी बसून कळावं! त्यांनी फडकं विझवलं. उठून हँडल दाबलं. नळ्या हळूच खाली गेल्या. "बस," ते म्हणाले.

त्या प्रवासाची हकिकत मला दोघांनी वेगवेगळी आणि अनेकदा सांगितली, आणि तेवढ्या एका बाबतीत त्यांचं कधी दुमत नव्हतं. गाव सुटल्यापासून दर खड्ड्याला, खड्डा नसेल तर दर वळणाला भाऊजी विचारायचे, "हाये ना?" आणि मागून ती म्हणायची, "हाये." नदीवर दोन डोंगे एकत्र बांधून त्यावर गाडी चढवली, तेव्हा पाण्यातसुद्धा त्यांनी एकदा विचारलं. डोंगेवाला म्हणाला, "भाऊ, बाई तं तुमच्या समोर उभी हाये ना." ज्या जागी ती पडली होती, तिथे त्यांनी गाडी इतकी हळू केली की मागून येणारी लाकडाची बैलगाडी पुढे निघून गेली. इंदूबाई म्हणायची, त्या दिवशी मी पायी गेली असती तं लवकर पोचली असती.

बाबा दारातच होते. आवाज ऐकून ते पुढे आले, आणि आधी मुलीकडे नाही, चाचपत गाडीकडे गेले. दोन्ही नळ्यांवरून हात फिरवला. तेल लागलं, ते धोतराला पुसलं. "जवाई, डोया कुठी लावाचा?" मॅट्रिकपर्यंतचं सगळं शिक्षण भाऊजींच्या ओठांवर आलं होतं. नळीत नळी असते, बाबाजी, खड्डा आला का... इंदूबाईनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं. सासऱ्याला धरून गाडीच्या पुढे वाकवलं आणि म्हणाले, "इथी, वरच्या टोपनापाशी. एक डोया मिटा." बाबांनी नळीच्या टोकाला डोळा लावला. इंदूबाई समोर येऊन उभी राहिली, इतकी जवळ की बाबांचा श्वास तिच्या तोंडावर येत होता. बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "जाड झाली व." आणि सरळ होऊन जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "भारी हाये तुमची दुर्बीन."

बाबांना काय दिसलं, काही दिसलं का, ते मला माहीत नाही. त्यांना सगळं समजत होतं आणि जावयाची लाज राखायला ते वाकले, असं आमच्या भावाचं मत आहे. मी मास्तरीण असूनही याचा निकाल लावत नाही. एवढं मात्र खरं की बाबा असेपर्यंत पुढे एकही महिना चुकला नाही, आणि भाऊजींनी त्या दिवसापासून 'दुर्बीन' हा शब्द कुणाचा दुरुस्त केला नाही. कुणी बैल हरवला म्हणून आलं की ते गंभीरपणे नळी पुसायचे, थोडं वाकायचे आणि म्हणायचे, "नाल्याकडं पाहा." निम्म्या वेळा बैल नाल्याकडे असायचा. पुढे खरं तेल मिळायला लागलं तेव्हा त्यांनी ते भरलं, रस्ते झाले, पोरगा कमावता झाला, घरात दुसऱ्या गाड्या आल्या. पण बायकोला मागे बसवून जायचं तर तीच फटफटी. माणूस हट्टी होता, वाचाळ होता, समोरच्याचं ऐकायच्या आत बोलायला लागायचा. पण एकदा ऐकलेलं तो विसरला नाही. मी पुष्कळ शहाणी माणसं पाहिली. चूक कळल्यावर ती उरलेलं आयुष्य रोज थोडी थोडी दुरुस्त करत राहणारा हा एकच. मला त्यांची फार आठवण येते.

मागच्या आठवड्यात इंदूबाईला माहेरी न्यायचं होतं. दुःख झालं की भावाच्या घरचं चार दिवस खाऊन यायचं, ही आमच्याकडची रीत. तिचा मुलगा सुधीर गाडी चालवत होता. मी त्याच्या शेजारी, ती मागच्या सीटवर एकटी. नदीवर आता मोठा पूल आहे. पाणी कधी मागे पडलं ते कळलंच नाही. चामोर्शीच्या रस्त्याला पावसानं खड्डे पडले होते. मग गाडी एका खड्ड्यात आदळली आणि मागून इंदूबाईचा स्पष्ट आवाज आला, "हाये."

सुधीरनं आरशात पाहिलं. "काय हाये, आई?"

"काई नाई," ती म्हणाली. "तू गाडी चालव."

पुढच्या खड्ड्याला ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी अगदी हळू.